चपट्या तोंडाच्या जुन्या ट्रकचा हॉट रॉड: चासी मूळची ठेवावी की बदलावी?

हुरॉनकाठ
मंडळी, मी मिशिगनमध्ये ॲन आर्बरजवळ राहतो, मूळचा कराडकडचा. गेल्या महिन्यात ओहायोतल्या एका शेतकऱ्याकडून १९५० चा शेव्हरले ट्रक घेतला. नेहमीचा लांब नाकाचा नव्हे. इंजिन कॅबिनच्या खाली असलेला, चपट्या तोंडाचा, ५७०० मॉडेल. इकडे या जातीला कॅब-ओव्हर म्हणतात. धान्याच्या कोठारामागे कित्येक वर्षं उभा होता. हौदा कुजून गेलाय, कॅबिनचे मागचे खालचे कोपरे आणि पायाखालचा पत्रा यांची चाळण झालीये. दारं मात्र अजून एका बोटाने लागतात.

माझे वडील २६ वर्षं ट्रकवर होते. पुणे-बंगळूर, कधी हुबळी, कधी पार चेन्नई. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायचो आणि रात्री कॅबिनमध्ये इंजिनच्या झाकणावर गोधडी टाकून झोपायचो. खालून ऊब यायची. कोठारामागे या शेव्हरलेच्या कॅबिनमध्ये डोकावलो तर दोन सीटच्या मधोमध तसंच झाकण. व्यवहार तिथेच झाला.

आता प्रश्न. मला याचा हॉट रॉड करायचाय: खाली बसलेला, हायवेला ६५-७० मैलांनी निवांत पळणारा, मागे सपाट हौदा आणि त्यावर एखादी गाडी नेता येईल असा. इकडचे बहुतेक लोक जुनी कॅबिन उचलून नव्या चासीवर ठेवतात. माझ्या नजरेत १९९६ चा डॉज रॅम ३५०० आहे, मागे जोडचाकं, १२ व्हॉल्व्हचं कमिन्स डिझेल. दुसरा मार्ग म्हणजे मूळची चासी ठेवून इंजिन आणि मागचा ॲक्सल बदलायचा. तिसरा, सगळं १९५० सारखं करायचं. माझा कल डॉजकडे आहे. ज्यांनी हात काळे केलेत त्यांनी बोला, ज्यांनी नाही त्यांनीही बोला.

मिरचीभजी
फोटो! फोटो! फोटो!

सायलीची_आई
गाड्यांतलं मला फार कळत नाही, पण गोधडीचं वाचून पुढे वाचत गेले. चपट्या तोंडाचे ट्रक तर आपल्याकडे रोज दिसतात. अमेरिकेत ते एवढे दुर्मीळ का? आणि हॉट रॉड म्हणजे नक्की काय?

लोहारगल्ली
सायलीताई, प्रश्न अगदी मुळाशी गेलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९३० च्या दशकात अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांनी ट्रकच्या एकूण लांबीवर मर्यादा घातल्या. नाकापासून शेपटीपर्यंत मोजमाप. मग कंपन्यांनी विचार केला की नाक कशाला वाया घालवायचं? ड्रायव्हरला इंजिनवर बसवा, वाचलेली लांबी मालाला द्या. फोर्डने १९३८ मध्ये असा ट्रक आणला, शेव्हरलेही त्याच सुमारास आला. शहराच्या गल्ल्यांतून वळायलाही तो सोपा. पण दुरुस्ती म्हणजे मेकॅनिकची परीक्षा, कारण कॅबिन उलटायची नाही, जे काय करायचं ते आतल्या झाकणातून हात घालून. व्हाइट कंपनीने १९४९ मध्ये '३०००' मॉडेल काढलं, त्याची कॅबिन पुढे झुकायची. फोर्डचा झुकत्या कॅबिनचा सी-सिरीज १९५७ ला आला आणि त्याच चेहऱ्याने १९९० पर्यंत बनत राहिला.

मग १९८२ मध्ये केंद्राचा कायदा आला. मोठ्या महामार्गांवर एकूण लांबीची मर्यादा राज्यांना घालता येईना, फक्त ट्रेलरची लांबी मोजायची. नाक लांब असलं तरी माल कमी होत नाही म्हटल्यावर लांब पल्ल्याचे ड्रायव्हर पुन्हा नाकवाल्या ट्रककडे गेले. नाकवाल्यात हादरे कमी आणि दुरुस्तीही सोपी. युरोपात आणि आपल्याकडे एकूण लांबीचं मोजमाप राहिलं, म्हणून तिथे चपटं तोंड टिकलं.

हॉट रॉडची मुळं दक्षिण कॅलिफोर्नियात. म्युरॉकसारख्या कोरड्या तळ्यांच्या सपाट तळावर पोरं जुन्या फोर्ड गाड्या हलक्या करून पळवायची. फोर्डने १९३२ मध्ये स्वस्तातलं व्ही-८ आणलं आणि त्यांना इंजिन मिळालं. १९३७ मध्ये त्यांच्या क्लबांची संघटना झाली, १९४९ पासून युटा राज्यातल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर शर्यती सुरू झाल्या. नको ते काढून टाकायचं, इंजिन मोठं बसवायचं, गाडी खाली आणायची, एवढंच त्याचं सूत्र.

सायलीची_आई
आता नीट समजलं. म्हणजे आपल्या गल्लीतला साधा टेम्पोसुद्धा एका कायद्यामुळे तसा दिसतो! धन्यवाद.

कोथरूडचा_पेठकर
मी स्पष्ट विरोधात आहे. ७० वर्षं ऊन-बर्फ सोसून एक यंत्र तुमच्यापर्यंत आलं आणि तुम्ही त्याची मान कापून दुसऱ्याच्या धडावर बसवणार. हे ट्रक कामाचे होते, त्यांना कुणी जपलं नाही. काम संपलं की भंगारात. मोटारी हजारोंनी उरल्या, हे फार थोडे उरले. प्रत्येक कापलेल्या ट्रकबरोबर तो काळ कसा चालायचा हे सांगणारा एक साक्षीदार कमी होतो. तिसरा मार्ग धरा. वेळ लागेल, पैसे लागतील, पण तो ट्रक १९५० चा राहील. डॉजवर चढवलात तर तो १९९६ चा डॉज होईल, मुखवटा घातलेला.

हुरॉनकाठ
पेठकर, तुमचं म्हणणं मनाला लागलं, वाद म्हणून उत्तर देत नाही. पण मूळचं सहा सिलिंडरचं इंजिन, २३५ घनइंची, घट्ट धरलंय. गियरबॉक्समध्ये पाणी गेलंय. आणि समजा सगळं जमवलं, तरी ४५ मैलांच्या पुढे तो जात नाही. मग वर्षातून एकदा संचलनात फिरेल आणि उरलेले ३६४ दिवस ताडपत्रीखाली. मला तो चालवायचाय. माझ्या मुलीला शेजारी बसवून लेक मिशिगनच्या कडेकडेने न्यायचाय.

गियरगणेश
४५ का, हे कुणी सांगितलं नाही म्हणून मी सांगतो. मागच्या डिफरन्शियलचं, म्हणजे मागच्या ॲक्सलमधल्या गियरचं गुणोत्तर (चाकाच्या एका फेरीला मागचा दांडा किती फिरतो) अशा ट्रकमध्ये सहाच्या वर असतं. सहा धरा. २० इंची रिमवरचा टायर मैलाला साधारण ५४५ फेऱ्या मारतो. ६५ मैलांना चाकाच्या मिनिटाला ५९० फेऱ्या, गुणिले सहा, म्हणजे इंजिन साडेतीन हजारांवर. आणि त्या इंजिनात ओतीव बॅबिटचे, म्हणजे मऊ मिश्रधातूचे बेअरिंग, कनेक्टिंग रॉडला दाबाने तेल नाही, रॉडच्या टोकाचा चमचा तेलात बुडून ते उडवतो. तासभर साडेतीन हजारांवर चालवलंत तर बेअरिंग वितळणार. आता ३.७३ चं डिफरन्शियल घाला: त्याच वेगाला बावीसशे फेऱ्या. म्हणून पहिलं काम मागच्या ॲक्सलचं, मग इंजिनचं.

मिरचीभजी
गणेशभाऊ, दहावीला गणिताला तुम्ही असता तर माझे दहा मार्क वाढले असते.

पत्राकाम
धागा उशिरा पाहिला. मी कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसच्या पूर्वेला. दिवसा मशीन शॉप, रात्री पत्रा. १९४७ ची फोर्ड कॅब-ओव्हर कॅबिन मी एका अमेरिकन पिकअपच्या एक टनी चासीवर चढवली आहे. साडेतीन वर्षं लागली. त्यातलं दीड वर्ष एकच चूक निस्तरण्यात गेलं, ती तुम्ही करू नये म्हणून हे लिहितोय.

कॅब-ओव्हरचं सौंदर्य चेहऱ्यात आहे असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटायचं. खरं सौंदर्य आहे चाक कुठे येतं त्यात. तुमच्या शेव्हरलेत पुढचं चाक जवळजवळ दाराखाली आहे, माणूस चाकावर बसतो. पिकअपमध्ये पुढचा ॲक्सल ड्रायव्हरच्या पायांच्याही बराच पुढे असतो. जुनी कॅबिन पिकअपच्या कॅबिनच्या जागी ठेवलीत तर चाक तोंडाच्या पुढे बाहेर पडतं. मी तसंच केलं होतं. पत्रा जोडला, फेंडर लांबवले, रंगाआधीचा प्रायमर मारला, अंगणात लांब उभा राहून पाहिलं आणि पोटात खड्डा पडला. ट्रक हरवला होता. सगळं कापलं.

मग कॅबिन पुढे आणली, चाकाच्या डोक्यावर. आता तीन संकटं. पहिलं, इंजिन कॅबिनच्या आत आलं. कमिन्स ५.९ चं वजन ५०० किलोच्या आसपास, लांबी मीटरभर, उंचीही तेवढीच. दोन सीटच्या मधे तुळशीवृंदावन बांधल्यासारखं झाकण होतं, शेजारच्याचं तोंड दिसत नाही. दुसरं, स्टेअरिंग. स्टेअरिंग बॉक्स चासीवर आहे तिथेच राहतो, तुम्ही मात्र त्याच्या वर किंवा पुढे जाऊन बसता. दांडा खाली उतरून मागे वळवावा लागतो, दोन-तीन क्रॉस, म्हणजे कोनात फिरणारे सांधे घालून. क्रॉसचे कोन नीट जुळले नाहीत तर स्टेअरिंग एका फेरीत दोनदा जड आणि दोनदा हलकं लागतं. वळणावर ते भयानक असतं. तिसरं, उष्णता. एक्झॉस्ट पायाजवळून जातो. झाकणाला आतून उष्णतारोधक थर, वर ॲल्युमिनियमचा पत्रा, त्यावर ध्वनिरोधक चटई, एवढं करूनही जुलैत मांडी भाजते.

काही जण इंजिन ढकलून कॅबिनच्या मागे नेतात, हौद्याखाली. दिसायला स्वच्छ, पण मग रेडिएटरला वारा मिळत नाही आणि मागच्या ॲक्सलला फिरवणारा दांडा इतका आखूड होतो की त्याचे कोन बिघडतात. तेही जमतं, पण सोपं म्हणून करू नका.

थोडक्यात, डॉज विकत घ्यायच्या आधी खडू, ओळंबा आणि टेप घ्या.

कोथरूडचा_पेठकर
पत्राकाम, तुमच्या चुकीच्या कबुलीबद्दल आदर. मी 'मुखवटा' म्हटलं ते हेच, वरून कीर्तन आतून तमाशा. फक्त मला ते चाकाच्या जागेत सापडलं नव्हतं, तुम्ही दाखवलंत.

रत्नांग्रीचा_बाबू
विषयांतर करतोय. चाकावर बसणं म्हटलं आणि आमच्या गावची महिंद्राची एफसी आठवली. अमेरिकेत विलिस जीपने १९५६ च्या शेवटी 'फॉरवर्ड कंट्रोल' काढली, एफसी-१५०, रेखाटन ब्रुक्स स्टीव्हन्स यांचं. ८१ इंचांचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर), जीपच्याच चासीवर चपटं तोंड. तिकडे ती १९६५ ला बंद झाली आणि आपल्याकडे महिंद्राने ती त्याच सुमारास बनवायला घेतली. आमच्याकडे तिच्यावर मिनीबसची बॉडी होती. घाटात उतरताना पुढे बसलं की काचेपलीकडे थेट दरी, मधे बोनेट म्हणून काही नाहीच. आजी डोळे मिटून रामरक्षा म्हणायची आणि घाट संपला की ड्रायव्हरला लाडू द्यायची.

लोहारगल्ली
बाबू, एफसीचं वजन पुढे फार. ब्रेक मारला की शेपूट हलकं पडायचं. चपट्या तोंडाचा हा जन्मजात गुण. आणि त्याच्या उलट टोकाला 'लिटल रेड वॅगन'. १९६५ ची डॉज ए-१०० पिकअप, चपटी, चिमुकली. तिच्या हौद्यात ४२६ घनइंची हेमी, म्हणजे क्रायस्लरचं दांडगं व्ही-८ इंजिन बसवलं. शर्यतीसाठी बांधली होती, पण ॲक्सिलरेटर दाबला आणि पुढची चाकं हवेत! मग तेच तिचं काम झालं, बिल गोल्डन ती दोन चाकांवर पळवून दाखवायचे.

त्याच ए-१०० वर डेट्रॉइटच्या अलेक्झांडर बंधूंनी 'डिओरा' घडवली, रेखाटन हॅरी ब्रॅडली यांचं. तिला बाजूला दारच नाही, पुढची काच वर उचलून आत शिरायचं. ती काच म्हणजे १९६० च्या फोर्ड स्टेशन वॅगनची मागची काच. १९६७ च्या डेट्रॉइट ऑटोरामात, म्हणजे तिथल्या सजवलेल्या गाड्यांच्या प्रदर्शनात, तिला सर्वोच्च मानाचा रिडलर पुरस्कार मिळाला आणि १९६८ मध्ये हॉट व्हील्सच्या पहिल्या १६ खेळण्यातल्या गाड्यांत ती होती. हुरॉनकाठ, ऑटोरामा तुमच्या अंगणात आहे. जात जा.

हुरॉनकाठ
जातो की! दरवर्षी. मुलीकडे ती छोटी डिओराही आहे, माझ्या टेबलावर असते.

टायरवाला_कोल्हापूर
सगळे इंजिनवर बोलतायत, चाकांवर कोणी बोलेना. मूळच्या रिमा तशाच आहेत का? त्या काळच्या ट्रकच्या रिमा तुकड्यांच्या असतात, रिंग आणि लॉक. आमचं दुकान ४० वर्षं आहे. दादा, कळकळीने सांगतो, ७० वर्षांच्या गंजलेल्या लॉक-रिंगमध्ये हवा भरू नका. रिंग उडाली तर माणसाचं डोकं जातं. माझ्या चुलत्याचा हात गेलाय, मी आठ वर्षांचा होतो, समोर उभा होतो. आमच्याकडे आता लोखंडी पिंजऱ्याशिवाय एकही लॉकवालं चाक भरलं जात नाही. तुम्ही सरळ एका तुकड्याच्या ट्यूबलेस रिमा घाला, साडेएकोणीस किंवा साडेबावीस इंची. ट्रक कसा का बनवा, हे पहिलं करा.

हुरॉनकाठ
दादा, परवा शेजाऱ्याचा काँप्रेसर आणून पुढच्या डाव्या चाकात हवा भरायचा बेत होता, ट्रक ढकलता यावा म्हणून. तुमचा प्रतिसाद वाचून रद्द केला. ट्रक ठोकळ्यांवर घेतो आणि चाकं काढून ठेवतो. चुलत्यांबद्दल वाचून वाईट वाटलं.

नाशिकचा_पाना
आमच्या मामांच्या मळ्यात जुना फार्गो आहे, कुर्ल्याच्या प्रीमियरचा. नाकवाला आहे, पण त्याची कॅबिन पुढे आणून असंच काही करावं असं डोक्यात आलं. इथे जमेल का?

काळा_कोट
नाशिककर, थांबा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२: निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. इंजिन बदलायचं तरी आरटीओची परवानगी आधी. विंटेज म्हणून २०२१ चे नियम आहेत, ५० वर्षांपेक्षा जुन्या गाडीला, क्रमांकात 'व्हीए', नोंदणी १० वर्षांसाठी, शुल्क २०,००० रुपये. पण ते बिगर-व्यापारी दुचाकी-चारचाकींसाठी, आणि चासी, बॉडी, इंजिन यात मोठा फेरफार नको ही अटच आहे. मालाचा ट्रक कापून रस्त्यावर आणणं आपल्याकडे बसत नाही. फार्गो आहे तसा उभा करा, कोथरूडचे पेठकर स्वतः पाहायला येतील.

कोथरूडचा_पेठकर
येईन. तारीख कळवा. मला पानेही येतात वापरता.

पुनवडीकर
कमिन्सवरून एक मुद्दा. हुरॉनकाठना ते इंजिन हवं आहे त्यामागे भावना असावी असं वाटतं. बी-सिरीजचं हेच ५.९ लिटरचं इंजिन जमशेदपूरला टाटा कमिन्स बनवायची आणि आपल्या टाटा ट्रकमध्ये ते वर्षानुवर्षं चाललं. डॉजमध्ये ते १९८९ ला आलं, १६० अश्वशक्तीचं. १२ व्हॉल्व्हचं म्हणजे पंप यांत्रिक, संगणक नाही. तुमच्या वडिलांच्या गाडीत होतं का?

हुरॉनकाठ
बरोबर ओळखलंत. शेवटची आठ वर्षं त्यांच्याकडे कमिन्सवाली टाटा होती. तो आवाज मला इथे पार्किंगमध्ये डॉज सुरू झाला तरी ओळखू येतो. पण पत्राकाम यांचं वाचल्यापासून झोप नाही. आज टेप घेऊन बसतो.

पत्राकाम
मोजताना कॅबिन समपातळीत आहे का ते आधी पाहा. आणि एक पर्याय सुचवतो: इसुझुचा एनपीआर, मालाचा छोटा ट्रक. तो मुळातच चपट्या तोंडाचा, इकडे डाव्या हाताचा मिळतो, स्टेअरिंग आणि झुकती कॅबिन जागच्या जागी. चाक मात्र दाराच्या मागे येतं, म्हणजे तुमची कॅबिन काही इंच मागे घ्यावी लागेल. तरी पिकअपपेक्षा बरं.

गियरगणेश
मला अजून एक कळत नाही. ज्याच्यासाठी एवढा आटापिटा, चाक दाराखाली, स्टेअरिंग नेमकं, इंजिनाला मधोमध जागा, ती सगळी एका चासीवर आधीच आहे. कोठारामागे उभी होती ती.

पत्राकाम
गणेशभाऊंनी नेमकं बोट ठेवलं. मूळ चासी गंजलेली नसेल तर मी आज तीच धरेन. पुढचा सरळ ॲक्सल आणि पाटे ठेवा, पाट्यांची पानं कमी करून गाडी खाली आणा, डिस्क ब्रेक आणि पॉवर स्टेअरिंग घाला. मागे जलद गुणोत्तराचा ॲक्सल. इंजिन मात्र कमिन्स नको. ट्रकमधलं ५.३ लिटरचं शेव्हरले व्ही-८ घ्या, वजन कमिन्सच्या निम्म्याच्या आसपास, झाकण बुटकं राहील. गाडी वाहून न्यायचा विचार सोडावा लागेल, किंवा हलकी गाडी न्यावी लागेल.

कोथरूडचा_पेठकर
हे मला पटतं. चासीच्या पट्ट्या कापू नका, नवं जे काही बसवाल ते बोल्टने बसवा. जुनं इंजिन आणि ॲक्सल तेल लावून ठेवा. तुमच्या मुलीला पुढे वाटलं तर तिला परत बसवता आलं पाहिजे.

हुरॉनकाठ
रविवार रात्र. हात धुऊन लिहितोय.

चासी तारेच्या ब्रशने घासली. मागच्या टोकाला, हौद्याचं पाणी गळायचं तिथे, दोन फूट गंज खोल आहे. बाकी पट्ट्या ठणठणीत, हातोडी मारली की घंटेसारख्या वाजतात. ओळंबा सोडून जमिनीवर खडूने चाकाचा मध्य, दाराची कड आणि सीटची खूण काढली. मग मित्राच्या अंगणातल्या रॅमचीही मापं घेऊन शेजारी तशीच रेघ ओढली. दोन्ही रेघांत जवळजवळ चार फुटांचं अंतर. मी त्या खडूच्या चाकावर खुर्ची ठेवून बसलो. मुलगी म्हणाली, बाबा, तू चाकावर बसलायस. मग तिनेही बसून पाहिलं.

डॉजवाल्याला नको म्हणून कळवलं. मूळ चासीच ठेवतोय. पेठकरांची बोल्टची अट मान्य, फक्त मागचे गंजलेले दोन फूट कापून नवी पट्टी जोडावी लागेल. टायरवाले दादा, चारही कोपरे ठोकळ्यांवर आहेत, जुन्या रिमा रंगवून भिंतीला टांगणार, हवा भरणार नाही. कमिन्सचं मन मोडलं, पण झाकण बुटकं राहिलं तर त्यावर गोधडी बसेल.

आईला फोन केला होता. वडिलांची शेवटची गोधडी तिच्याकडे आहे, मेच्या सुट्टीत ताई येतेय, तिच्याबरोबर पाठवतेय. सायलीताई, फोटो तेव्हा टाकतो. मिरचीभजी, तुम्हालाही.

मिरचीभजी
थांबतो. सावकाश करा.

टायरवाला_कोल्हापूर
ठोकळे लाकडाचे आहेत ना? सिमेंटचे असतील तर आजच बदला, ते न सांगता फुटतात.

हुरॉनकाठ
लाकडाचे. ओकचे, आडवे-उभे रचलेले. उद्या सकाळी फोटो टाकतो, बघून सांगा.